फाल्गुन-चैत्रातली गारपीट : काढणीच्या दिवसांत हाताशी काय ठेवायचं

सध्या मराठवाड्यातल्या कुठल्याही शिवारात जा, पीक तीन ठिकाणी विखुरलेलं दिसेल. थोडं उभं, थोडं कापून पडलेलं, थोडं खळ्यावर. हरभऱ्याचे ढीग लागलेत. ज्वारी आडवी पडलीय, कणसं मोडायची राहिलीत. गहू पिवळा पडलाय आणि हार्वेस्टरवाला ‘उद्या येतो’ म्हणाला त्याला तीन दिवस झालेत. वसमत-हिंगोलीकडे शिजवलेली हळद वाळत घातलीय. वर्षभराच्या कष्टाचा पैसा या पंधरा-वीस दिवसांत उघड्या रानात पडलेला असतो, आणि आपल्याकडे गारा पडायचे दिवसही हेच.

पावसाळ्यातल्या पावसानं मार बसला तर वाढत्या पिकाला पुन्हा फुटायला वाव असतो. हरभऱ्याच्या वाळलेल्या घाट्याला (शेंगेला) आणि पिकलेल्या कणसाला तो नसतो. म्हणून या हंगामासाठी माझं सांगणं एकच आहे, बाकीचं त्याच्या मागून येईल : संध्याकाळपर्यंत जेवढं झाकता येईल तेवढंच सकाळी कापा. मजूर मिळालेत, उचल घेतलीय, टोळी उद्या दुसऱ्याकडे जाणार आहे, हे सगळं खरं आहे. पण चार एकर एकाच दिवशी आडवं करून घरी एकच ताडपत्री असेल, तर तीन एकर आपण आभाळाच्या स्वाधीन करतो.

हे मी २०१४मध्ये शिकलो. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू झालेली गारपीट मार्चच्या मध्यापर्यंत थांबली नाही. मराठवाड्याचा एकही जिल्हा त्यातून सुटला नाही आणि राज्यभरात लाखो हेक्टरवरचं पीक गेलं. त्याआधीच्या २०१२-१३मध्ये दुष्काळ, पुढं २०१४ आणि २०१५ असे लागोपाठ दोन पावसाळे कोरडे, आणि १२ एप्रिल २०१६ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. दोन दुष्काळांच्या मधे जे एक बऱ्यापैकी रब्बी हाती येत होतं, नेमकं तेच गारांनी नेलं. मराठवाड्याच्या कर्जाचा हिशेब मांडताना लोक दुष्काळाची सालं मोजतात, ही गारपीटही त्यात धरायला हवी असं मला नेहमी वाटतं.

आमच्याकडं त्या वर्षी हरभरा उपटून ढीग लावलेले होते. पहिला पाऊस आला, ढीग भिजले. दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं, तेव्हा वाटलं की झालं ते झालं. ढीग उलटेपालटे केले, वाळवले आणि त्याच जागी पुन्हा रचले. चार दिवसांनी पुन्हा आभाळ आलं. घरात एक ताडपत्री होती, ती गव्हाच्या पोत्यांवर टाकली होती. हरभऱ्याच्या घाट्यात दाण्याला कोंब आले. चूक पहिल्या पावसाची नव्हती, तो कुणालाच चुकला नाही. चूक मधल्या चार दिवसांची होती. ऊन पडल्याबरोबर तो माल रानातून उचलून आखाड्यावर (शेतातल्या घर-गोठ्याजवळ), उंचवट्यावर आणायला हवा होता, मळणीयंत्राची वाट न बघता. एकदा गारपीट झाली की आता आठ-दहा दिवस काही येत नाही, हा समज मनातून काढून टाका. हवेची जी ठेवण गारा आणते ती कधी कधी पंधरा-पंधरा दिवस हलत नाही.

ही ठेवण समजून घेतली तर आभाळ वाचायला मदत होते. मार्च-एप्रिलमध्ये जमीन तापलेली असते. समुद्रावरून दमट वारं आत येतं. त्याच वेळी उत्तरेकडून जाणाऱ्या पश्चिमी झंझावाताबरोबर वरच्या थरात थंड, कोरडी हवा येते. खाली गरम आणि ओलं, वर थंड, म्हणून खालची हवा जोरानं वर उसळते आणि दहा-बारा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. त्या ढगात पाण्याचे थेंब शून्याखालच्या तापमानातही न गोठता तरंगत असतात. बर्फाचा कण मिळाला की त्यावर थापले जातात. वर उसळणारं वारं जोवर पेलतं तोवर गार वाढत राहते, पेलेनाशी झाली की सुटते. पावसाळ्यातही ढगात बर्फ असतोच, पण तेव्हा गोठणारी पातळी जास्त उंचावर असते आणि गार खाली येईस्तोवर वितळून पाऊस होते. फाल्गुन-चैत्रात ती पातळी खाली असते, म्हणून गार गारच राहून जमिनीवर पोचते.

याचा व्यवहारातला अर्थ असा. सकाळपासून वारं पडलेलं, अंग चिकचिकतंय, दुपारी फुलकोबीसारखे ढग उभे चढताना दिसतायत, त्यांचा तळ काळा-निळा पडतोय, अशा दिवशी तीननंतर रानात माल उघडा ठेवू नका. अचानक थंड झुळूक आली तर समजा की ढगाखालची थंड हवा तुमच्यापर्यंत पोचली. आता ताडपत्री बांधायला फार तर दहा-पंधरा मिनिटं आहेत.

पण दुपारचा नियम पक्का धरून बसू नका. ११ फेब्रुवारी २०१८ला, रविवारी, गारा सकाळी पडल्या. जालना, बीड, परभणीकडं गहू, हरभरा, ज्वारी, द्राक्ष, मोसंबी, सगळं झोडपलं गेलं. जालना जिल्ह्यात माणसंही गेली. फेब्रुवारीचा मध्य म्हणजे आपण थंडीच धरतो, स्वेटर अजून पेटीत गेलेले नसतात. गारपिटीची तयारी होळीनंतर करू म्हणणाऱ्याला त्या वर्षी वेळच मिळाला नाही. ताडपत्री, दोर आणि रिकामी पोती संक्रांतीनंतरच एका जागी काढून ठेवावीत.

ताडपत्री घेतली म्हणजे झाकलं असं नाही

हा भाग नीट वाचा, कारण नुकसान बहुतेक वेळा इथंच होतं. पावसाआधी वारं येतं. नुसती टाकलेली ताडपत्री पहिल्या वावधनातच शेजाऱ्याच्या वावरात जाते आणि मग पाऊस उघड्या ढिगावर पडतो. पोत्यांत माती भरून ती कडेनं लावा, वरून दोर आडवा-उभा ओढून घ्या. ढिगाच्या खाली पऱ्हाट्या किंवा तुराट्यांचा थर द्या, म्हणजे पाणी खालून वाहून जाईल. वरून कोरडा आणि खालून भिजलेला ढीग मी कितीतरी पाहिलेत. ढिगाभोवती उताराच्या बाजूला तोंड ठेवून वीतभर चर मारा. काळी जमीन पाणी जिरवत नाही, आणि एकदा चिखल झाला की ट्रॅक्टरही आत जात नाही. म्हणून ढीग शक्यतो रस्त्याच्या किंवा बांधाच्या कडेला लावा, वावराच्या मधोमध नको.

दुसरी गोष्ट, झाकलेलं सकाळी उघडा. ओल्या मालावर प्लास्टिक तसंच राहिलं तर आत घाम सुटतो आणि ढीग तापतो. ढिगात कोपरापर्यंत हात घालून बघा. ऊब लागली तर थांबू नका, फोडून पातळ पसरा.

हरभरा आपण पहाटे दवात उपटतो, म्हणजे घाटे फुटत नाहीत. तीच वेळ ठेवा, पण उपटलेला त्याच दिवशी आखाड्यावर आणायचा असा बेत करा. इशारा असेल आणि घाटे पुरते वाळलेले नसतील, तर घाईनं उपटू नका. उभ्या झाडावरचा घाटा ढिगातल्यापेक्षा लवकर सुकतो, कारण त्याला चहूबाजूंनी वारं लागतं.

रब्बी ज्वारीचं मात्र उलटं आहे. दाणा पक्व झाला असेल तर उभी ठेवू नका. मालदांडी असो की परभणी मोती, वाऱ्या-पावसात ताटं लोळली की कणीस जमिनीला टेकतं, दाणा काळा पडतो आणि कडबाही काळवंडतो. आपल्याकडे ज्वारीचं निम्मं मोल कडब्यात आहे. ज्याच्या दावणीला जनावरं आहेत त्याला दाण्याच्या नुकसानीइतकंच कडब्याचं नुकसान लागतं. कणसं आधी मोडून घरात घ्या, पेंढ्या बांधून बुचाड उभं रचा आणि त्याचा माथा झाका. भिजलेल्या पेंढ्या सुडीत (मोठ्या गंजीत) घालू नका, सोडून वाळवा. बुरशी आलेला कडबा दुभत्या किंवा गाभण जनावराला घालू नका, तो पोटात विष होतो.

गव्हाला पिवळेपणा आल्यावर पाणी देणं बंद करा. ओल्या जमिनीत गहू वाऱ्यानं झोपतो आणि झोपलेला गहू हार्वेस्टरला नीट धरता येत नाही.

हळदीबद्दल वसमत, कळमनुरी, अर्धापूरकडच्या शेतकऱ्यांना मी काय शिकवावं, त्यांचा हात बसलेला आहे. तरी एवढं सांगतो. शिजवलेली हळद एकदा भिजली की तिचा रंग उतरतो आणि भाव रंगावर ठरतो. इशारा असेल त्या दिवशी नवी काहील (हळद शिजवायची मोठी कढई) चढवू नका. जमिनीतली न शिजवलेली हळद काही दिवस थांबू शकते, शिजवलेली थांबू शकत नाही. वाळत घातलेली रोज संध्याकाळी वळईत ओढून झाका, सकाळी पुन्हा पसरा. मातीवर वाळवणं सोडा, ताडपत्री किंवा सिमेंटचं खळं वापरा.

काढलेला कांदा भिजला असेल तर तो थेट चाळीत भरू नका, वाळवा, निवडा, शंका येईल तो आधी विका. जालना-बीडकडं कांद्याच्या बियांचे प्लॉट आहेत, त्यात गोंड्याचा दांडा गारेनं मोडतो आणि मग हाती काही उरत नाही. म्हणून ज्या गोंड्यांत काळं बी दिसू लागलंय ते एकदम काढायची वाट न बघता टप्प्याटप्प्यानं खुडून सावलीत वाळवत चला. केळीला बांबूचा आधार आणि पश्चिमेच्या बाजूला शेवरीची ओळ, हे काम आता होत नाही, ते लागवडीच्या वेळचं आहे. सध्या पिकत आलेल्या घडांच्या झाडांना दोरानं ताण द्या आणि काढणीजोगे घड काढून घ्या.

फळबागेत गारा पडून गेल्यावर

गार पडते तेव्हा मोसंबीच्या आंबे बहाराचं फळ गोटीएवढं असतं. ते झडतं ते दिसतं. फांदीची साल सोलली जाते, तिकडं लक्ष जात नाही. त्या जखमेतून बुरशी शिरते, पुढं डिंक वाहू लागतो आणि दोन वर्षांनी झाड वाळतं, तेव्हा शेतकरी पाण्याला किंवा जमिनीला दोष देतो. म्हणून गारा थांबल्यावर पहिल्या दोन दिवसांत मोडक्या फांद्या धारदार कात्रीनं जखमेच्या खाली काप घेऊन काढा. कापांवर आणि खोडावरच्या जखमांवर १० टक्के बोर्डो पेस्ट लावा : १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करा, लोखंडी बादली वापरू नका. त्यानंतर सगळ्या झाडावर कॉपर ऑक्सिक्लोराईड २५ ते ३० ग्रॅम १० लिटर पाण्यात घेऊन फवारा. खाली पडलेली फळं गोळा करून खड्ड्यात गाडा, बागेत कुजू देऊ नका. आळ्यातलं साचलेलं पाणी चर काढून बाहेर सोडा.

केसर आंब्याच्या पडलेल्या कैऱ्या त्याच दिवशी गोळा करून विका. मार लागलेली कैरी लोणच्याला चालते, दोन दिवसांनी चालत नाही. झाडावर राहिलेल्या पण डाग पडलेल्या कैऱ्या पिकवायच्या आशेनं ठेवू नका, त्या अढीत बाकीच्यांना सडवतात. डाळिंबात फुटलेली फळं लगेच उतरवा. द्राक्षाचा घड काढणीला आला असेल तर फुटलेले मणी कात्रीनं काढून माल पटकन बाजारात न्यावा. काढणी तोंडावर असताना कुठलंही औषध फवारण्यापूर्वी त्याचा काढणीपूर्व काळ, म्हणजे फवारणी आणि काढणीत किती दिवस जावे लागतात ते बघा, नाहीतर अवशेषामुळं माल परत येतो.

नवी बाग लावणार असाल तर गारारोधक जाळीचा खर्च आधीच धरा. दरवर्षी गारा पडत नाहीत म्हणून तो खर्च जड वाटतो. पण मोसंबीची बाग पंधरा-वीस वर्षांची असते, आणि तेवढ्या काळात २०१४ आणि २०१८ दोन्ही येतात.

माणसं आणि जनावरं

गारेनं पीक जातं हे आपल्याला माहीत आहे, माणूस मरतो हे चटकन पटत नाही. ३० एप्रिल १८८८ला उत्तर प्रदेशात मुरादाबादजवळ गारांनी २४६ माणसं मारली. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत गारपिटीनं सर्वाधिक माणसं दगावण्याचा विक्रम आजही याच दिवसाचा आहे. गारा संत्र्याएवढ्या, क्रिकेटच्या चेंडूएवढ्या होत्या. सोळाशेच्या वर मेंढ्या-शेळ्या मेल्या. जी माणसं उघड्यावर सापडली ती गारांच्या मारानंच गेली. १४ एप्रिल १९८६ला बांगलादेशात गोपालगंजला किलोभर वजनाची गार पडली आणि ९२ जण गेले. दोन्ही दिवस आपल्या चैत्र-वैशाखातले आहेत.

हे वाचून मला आपल्याकडचे मेंढपाळ आठवतात. या दिवसांत त्यांच्या मेंढ्यांचे वाडे, पीक निघालेल्या रानात बसलेले असतात, आडोसा म्हणजे एक पाल. तुमच्या वावरात खतासाठी मेंढ्या बसवल्या असतील तर इशाऱ्याच्या दिवशी त्यांना आखाड्याचा, गोठ्याचा आसरा द्या. तुमच्याकडे मोबाइलवर संदेश येतो, त्यांच्याकडे कदाचित नेटवर्क नसतं, तेव्हा निरोप पोचवा. या महिन्यांत जत्रा-यात्राही असतात, पैठणला नाथषष्ठी, येरमाळ्याला चैत्री पौर्णिमा. ट्रॅक्टर-ट्रॉलीत बसून जाणाऱ्यांनी आभाळ आलं तर पक्की इमारत बघून थांबावं.

गारा सुरू झाल्या आणि जवळ काहीच नसेल तर डोकं वाचवा : पाटी, घमेलं, दुमडलेलं पोतं, जे असेल ते डोक्यावर धरा. झाडाखाली जाऊ नका. गारांबरोबर वीज असतेच आणि मराठवाड्यात विजेनं दरवर्षी माणसं जातात, त्यात झाडाखाली थांबलेली बरीच असतात. बैल झाडाला बांधून ठेवू नका, तारेच्या कुंपणाजवळही नको. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर काम सोडून आत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. रानात अडकलात तर पाय जुळवून उकिडवं बसा, जमिनीवर आडवं होऊ नका, चौघं असाल तर एकमेकांपासून लांब बसा.

एक गोष्ट आजच करा : पत्र्याच्या शेडवर वजनाला ठेवलेले दगड उतरवा. वावधनात पत्रा उचलला की ते दगड खाली झोपलेल्याच्या अंगावर येतात. पत्रे हुकानं आणि बोल्टनं आवळा.

इशारा कुठून घ्यायचा

१८ मार्च १९२५ला अमेरिकेत एका टॉर्नेडोनं, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरलेल्या प्रचंड वावटळीनं, तीन राज्यांतून सुमारे ३५० किलोमीटर सलग वाट तुडवली आणि ६९५ माणसं मारली. त्या काळी तिथल्या हवामान खात्यात लोक घाबरतील म्हणून अंदाजात ‘टॉर्नेडो’ हा शब्दच वापरत नसत. गावं एकामागून एक पडत गेली आणि पुढच्या गावाला मागच्याची खबर नव्हती. आपल्याला आज खबर मिळते, ती वापरली पाहिजे. हवामान खात्याचा जिल्हावार इशारा रंगात येतो. पिवळा दिसला की ताडपत्र्या रानात न्या, नारिंगी दिसला की त्या दिवसाची कापणी थांबवा. पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाजही येतो, तो दुपारी एकदा बघा. वीज किती जवळ आहे हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप सांगतं, तुमच्या भोवतीच्या वीस ते चाळीस किलोमीटरमधलं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा पीकसल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. अंदाज कधी चुकतो, शेजारच्या तालुक्यात गारा पडतात आणि आपल्याकडं थेंब नाही. तेव्हा एक दिवसाची मजुरी वाया गेली म्हणून चिडू नका, पुढच्या इशाऱ्याला पुन्हा झाका.

नुकसान झालंच तर

२०२३च्या मार्चमध्ये गुढीपाडव्याच्या तोंडावर लातूर, नांदेड, परभणीकडं गारा पडल्या, तेव्हा राज्यभर कर्मचाऱ्यांचा संप चालू होता आणि पंचनामे लांबले. तोवर शेतकऱ्यानं काय करायचं, भिजलेला माल तसाच ठेवायचा की सावरायचा? सावरायचाच. पण आधी फोटो काढा : तारीख, वेळ आणि ठिकाण उमटेल असे, एक सगळ्या वावराचा, एक जवळून, एक बांधावरची ओळखीची खूण दिसेल असा. गारा जमिनीवर असतानाच एक व्हिडिओ घ्या. ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून सातबाऱ्यावर होणाऱ्या पीकनोंदीत) त्या पिकाची नोंद आहे का ते काढणीआधीच बघून ठेवा, नोंद नसेल तर पुढचं सगळं अडतं. शासनाच्या मदतीसाठी नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असावं लागतं. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक येतील तेव्हा वावरात स्वतः हजर राहा आणि पंचनाम्यावर पीक व क्षेत्र बरोबर लिहिलंय का ते वाचूनच सही करा. जनावर दगावलं तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्यानं बघण्यापूर्वी पुरू नका.

पीक विम्याच्या अटी गेल्या काही वर्षांत सारख्या बदलल्यात. एक रुपयात विमा २०२३च्या खरिपात आला आणि २०२५च्या खरिपापासून बंद झाला, त्याबरोबर भरपाईचे निकषही बदलले. त्यामुळं गेल्या वेळी शेजाऱ्याला मिळालं म्हणून यंदा मिळेल असं धरू नका. पावती काढा आणि त्यात गारपीट, काढणीनंतरचं नुकसान हे धोके आहेत का ते विचारून घ्या. जिथं ते आहेत तिथं ७२ तासांच्या आत कळवावं लागतं. फळबागेच्या हवामान आधारित विम्यात गारपिटीसाठी जादा हप्ता वेगळा भरलेला असेल तरच ते संरक्षण मिळतं, आणि तिथंही ७२ तासच. कळवायला १४४४७ हा क्रमांक आहे. तो लागत नाही अशी तक्रार गारपिटीच्या दिवशी सगळीकडं असते, म्हणून लागेपर्यंत करत राहा, पीक विम्याच्या अ‍ॅपवरही नोंद करा आणि तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून घ्या. विम्याची पावती, सातबारा आणि बँकेचं पासबुक या तिन्हींचे फोटो आज मोबाइलमध्ये काढून ठेवा. घरावरचा पत्रा उडाला तर कागद शोधत बसावं लागणार नाही.